उन्हात तापलेलो सायब

काजूच्या दिवसांत आमच्याकडे कुणाचीच कातडी मूळ रंगाची राहत नाही. मार्च सरत आला की सडा, म्हणजे आमचा जांभ्या दगडाचा उघडा माळ, काजूच्या बोंडवांनी लाल-पिवळा होतो. त्यांचा आंबूस गोड वास कपड्यांतसुद्धा मुरतो. बाजारात ओल्या काजूंचे वाटे लागतात आणि ज्याच्या त्याच्या बोटांवर आधी काळे डाग, मग फोड, मग सुटणारी सालं दिसायला लागतात. ओली बी चिरली की टरफलातून चीक उडतो, आणि तो लागेल तिथे भाजतो. खोबरेल चोळा, राख चोळा, तो कुठून तरी शिरतोच. मग पापुद्रे निघतात आणि खालून कोवळी गुलाबी कातडी डोकावते. पाऊस येईपर्यंत माणूस दोन रंगांत वावरतो.

यंदा माझा उजवा अंगठा असा दोनरंगी आहे. बायको म्हणाली होती, "हातमोजे घाला." मी म्हटलं, "गो, मी मिठबावचो माणूस." ती म्हणाली, "म्हणानच सांगतंय." अंगठा सोलला, आणि खालून गुलाबी कातडीबरोबर एक जुनी असूयाही वर आली. तिला निमित्तही तसंच आहे. माझ्या धाकट्या बहिणीचं, शैलाचं, मुलांसाठीचं चित्रकथांचं पुस्तक येतंय. मी शाळेत चित्रकला शिकवतो, सगळ्या परीक्षा पास झालेला, भिंतीवर प्रमाणपत्रं लावलेला माणूस. ती वैभववाडीकडे प्राथमिक शाळेत पाढे शिकवते. आणि पुस्तक तिचं येतंय. त्यात मला जागा आहे की नाही, एवढ्या एका प्रश्नावर माझा हा अख्खा काजूचा हंगाम खर्ची पडला.

लहानपणीचा असाच एक हंगाम आठवतो. मी आठवीत होतो, शैला सहावीत. वार्षिक परीक्षा चालू होती आणि गुरुजी उत्तरपत्रिकेवरच्या चिकाच्या डागांवरून ओरडत होते. शेजारच्या घरी मुंबईचा पाहुणा येऊन गेला होता आणि जाताना परदेशी चित्रकथांचा एक गठ्ठा विसरून गेला होता. इंग्रजी आम्हाला वाचता येत नव्हतं, त्यामुळे आम्ही फक्त माणसं बघायचो. काय माणसं होती. चिऱ्यासारखी चौकोनी हनुवटी, सुरीसारखं नाक, निळे डोळे, आणि अंगाचा रंग नुकत्याच सोललेल्या तळहातासारखा गुलाबी. त्यांच्यात कुणी उडायचा, कुणी डोंगर उचलायचा. शेत लावणारा, जाळं ओढणारा कुणी नव्हता.

आठवड्याभरात मी माझा स्वतःचा नायक काढला. नाव उल्कावीर. दूरच्या ग्रहावरून जळत आलेला, हनुवटी चिऱ्याची, डोळे निळे. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर मी चौकटी आखायचो आणि रंग भरायचं हलकं काम शैलाला द्यायचो. कलाकाराच्या हाताखाली कुणी तरी असावं लागतं, असं मी कुठेसं ऐकलं होतं.

खडूंच्या पेटीत एक फिकट गुलाबी खडू असायचा. त्याला सगळे ‘अंगाचा रंग’ म्हणायचे. कुणाच्या अंगाचा, हे विचारायचं आमच्या डोक्यात आलं नाही. उल्कावीर अंगात फारसं काही घालत नसल्यामुळे तो खडू भराभर झिजला आणि तिसऱ्या कॅलेंडरवर संपला. दुकानदार म्हणाला, आता माल शाळा सुरू झाल्यावर. मी चौकटी आखत राहिलो. दुपारी उठून बघतो तर शैलाने उल्कावीर तपकिरी रंगवून ठेवलेला, माडाच्या बुंध्याला वापरायच्या खडूने, केसांच्या मुळापासून पायाच्या नखांपर्यंत.

"ह्या काय केलंस?"

"खडू सोपलो."

"अगो, तो परग्रहावरसून इलो. तो असो कसो दिसात?"

शैलाने चित्राकडे मान वाकडी करून बघितलं. "मगे तो परग्रहावरसून नाय इलो," ती म्हणाली. "इन्सुलीच्या नाक्यावरसून इलो."

इन्सुली आमचं आजोळ. गोव्याकडून येणाऱ्या गाड्या तिथे तपासणी नाक्यावर थांबतात, आणि आमचा मामा त्या नाक्यावर शिपाई होता. मी आईवर गेलेला, गोरा. शैला घरात सगळ्यांत काळी. प्रत्येक घरात एका मुलाला ‘तुला बोहारणीकडून घेतलं’ म्हणून चिडवतात ना, तसं आमच्यात मामा शैलाला चिडवायचा. तो ते अगदी सरकारी तोंड करून सांगे. "काजूच्या गोणींमागे टोपलेत होतंस गो. ट्रकाचे कागद नव्हते, म्हणान सगळो माल उतरवून घेतलव. मगे कागद इले, माल सोडलो, ट्रक सोडलो, तुका सोडूक विसारलव."

शैला हे ऐकून आधी रडायची. मग रडेनाशी झाली आणि तपशील विचारायला लागली. टोपली कसली, ट्रक कुठच्या रंगाचा, ड्रायव्हर मागे वळून बघत होता का. मामाही हौशी, दर खेपेला नवीन काही घालायचा. सुट्टी संपेपर्यंत तिच्याकडे एक अख्खी जन्मकथा जमायची.

आजोळच्या वाटेवर, वाडी संपते तिथे, एका झाडाखाली खाप्रीची जागा होती. पोर्तुगिजांनी आफ्रिकेतून आणलेला एक शिपाई गोव्यातून पळाला, डोंगर चढून इकडे आला, वाट चुकलेल्यांना वाट दाखवता दाखवता तिथेच मेला, असं मामा सांगे. जाणारे येणारे त्याच्यापुढे विडी ठेवायचे. काळाकभिन्न, कुरळ्या केसांचा, रात्री राखण करणारा. तेव्हा ‘खाप्री’ हा आमच्याकडे देवही होता आणि शिवीही. देव झाडाखाली, शिवी शैलाला.

त्या दुपारी शैलाने उल्कावीराचं नाव खोडून खाली खाप्री लिहिलं. सुळसुळीत केसांवर काळ्या खडूने गोल गोल गिरवून ते कुरळे केले. ग्रह गेला, ट्रक आला. जळती उल्का गेली, टोपली आली. विडीचं काय करायचं, यावर तिने थोडा विचार केला आणि लहान मुलांना नको म्हणून त्याच्या तोंडात भाजलेला काजू दिला. दुसऱ्या दिवशी वाडीतल्या पोरांपुढे तिने कॅलेंडर पसरलं. एकाने विचारलं, "हेची शक्ती काय?"

मला हसू आलं. हिला शक्ती कुठून सुचणार? मी तोपर्यंत उल्कावीराला उडणं, अदृश्य होणं, समुद्र पिऊन टाकणं, असं बरंच काही देऊन ठेवलं होतं.

शैला म्हणाली, "हेका काजूचो चीक लागणा नाय."

 सगळ्या पोरांनी आपापले हात बघितले. कुणाच्या ओठावर फोड होता, कुणाचा अंगठा काळा ठिक्कर. मग एक जण अगदी हळू म्हणाला, "म्हणजे नुसत्या हातान ओलो काजू सोलता?"

"कितीय."

झालं. त्या क्षणी उल्कावीर मेला. मी त्याच्याकडून डोंगर उपटवले, जहाजं फेकवली, सूर्य हातात धरवला. पोरं एकच विचारायची, "पण ओलो काजू सोलता काय?" मी म्हणायचो, त्याच्यासारखा माणूस काजू कशाला सोलेल? "मगे काय उपेग?" म्हणून ती उठून जायची. वाडीत कुणी शैलाला ‘गो खाप्री’ म्हणून हाक मारली, तर ती मान ताठ करून म्हणू लागली, "होय. मगे?" आणि हाक मारणारा बावळट दिसायचा.

असूया कशाची होती, हे तेव्हा कळलं नव्हतं. नायक चोरला याची होती, असं मी आईला सांगितलं. आई उसळीला काजू सोलत होती. ती म्हणाली, "तुझो तो आकाशातलो आसा मां तुझ्याकडे? मगे तू तेका घेऊन बस." खरं दुखणं वेगळं होतं. सगळ्या नायकांना कुठून तरी यावं लागतं. कुणी टोपलीत सापडतो, कुणी आगीतून वाचतो, कुणाचं गाव बुडतं. शैलाला ते आयतं मिळालं होतं. मी पुढच्या वेळी मामा आला तेव्हा त्याला माडाखाली गाठून विचारलं, "मामा, माका खयसून आणलेलो?"

मामा गोंधळला. "तुका? तू दवाखान्यात झालंस. मीच डबो घेऊन येय होतंय."

"तसा न्हय. खराखुरा सांग."

"मेल्या, खराच सांगतंय. पिशवी होती, पिशयेत डबो. पेज होती."

गोऱ्या मुलाला कुणी टोपलीत घालून आणत नाही. तो आपल्याच घरातला आहे, याची कुणाला शंकाच येत नाही. आणि ज्याच्याबद्दल कुणाला शंका नाही, त्याची गोष्ट पेजेच्या डब्याशी संपते.

मी पुढे चित्रकलेचा मास्तर झालो, तो बहुधा त्या कॅलेंडरचा सूड म्हणून. वर्गात मुलं हात वर करतात, "सर, स्किन कलर कसो करायचो?" मी सांगत आलो, पांढरा भरपूर, थोडा लाल, चिमूटभर पिवळा. वर आलेला प्रत्येक हात उन्हात भाजलेला, खाली वहीवर उमटणारा प्रत्येक माणूस गुलाबी. इतकी वर्षं त्यात काही चुकतंय, असं माझ्या मनात आलं नाही. रंग सपाट बसतोय ना, एवढंच मी बघत होतो.

शैलाने वर्गातल्या पोरांना खाप्री सांगायला सुरुवात केली, हे मला उशिरा कळलं. मग एका मुलांच्या मासिकात तिच्या गोष्टी तिच्याच वाकड्यातिकड्या चित्रांसकट येऊ लागल्या. मी अंक घेत नव्हतो. ग्रंथालयात जाऊन, कुणी बघत नाही असं पाहून वाचत होतो. तिच्या खाप्रीचे हात पायांपेक्षा लांब असतात. नाक्याच्या खांबाला सावली नसते. वाट चुकलेल्या टेम्पोवाल्याला तो घाट उतरवून देतो आणि मोबदला म्हणून फक्त हॉर्न वाजवायला मागतो. ती चौकट बघून मी एकटाच हसलो, आणि हसलो म्हणून स्वतःवर चिडलो.

यंदाच्या वार्षिक परीक्षेत स्मरणचित्राचा विषय मीच काढला होता, ‘माझा आवडता नायक’. कागद गोळा केले. जवळजवळ अर्ध्या कागदांवर लांब हातांचा खाप्री होता. पेपर देताना एका मुलीने विचारलंही, "सर, ती तुमची भयण मां?" मी म्हटलं, होय. ती म्हणाली, "मगे तुमी कायच कसा काढलास नाय?" मी कुणाचे गुण कापले नाहीत. सही मात्र जरा दाबून केली. दोन-तीन कागद फाटले.

त्याच आठवड्यात शैलाचा फोन. प्रकाशक पुस्तक करतायत. चित्रं नव्याने हवीत. "दादा, तू काढशीत? खाप्रीचे हात माका जमणत नाय."

मी थोडा वेळ घेतला, पंचांग बघतोय असा आवाज काढला आणि होय म्हटलं. मग सुट्टीचा प्रत्येक दिवस त्या कामाला दिला. हात प्रमाणात आणले. खांबाला सावली दिली. खाप्रीला तपकिरीच्या पाच छटांत रंगवलं, खांद्यावर उजेडाची रेघ, दंडावर स्नायू. अंगठ्याची सालं निघत होती तरी ब्रश सोडला नाही. प्रकाशकांचा फोन आला, "सर, काम फार सफाईदार आहे हो." मी फुशारलो. बायको म्हणाली, "सफाईदार म्हणाले? चांगला नाय म्हणाले?"

मी फोल्डर घेऊन वैभववाडीला गेलो. शैलाच्या पडवीत घाटावरून आलेलं गरम वारं होतं, कोपऱ्यात काजूबिया सुकत होत्या. तिने चष्मा लावला, एकेक पान बघितलं, सगळी पानं बघून झाल्यावर परत पहिल्यावर आली.

"हात जमले मां?" मी विचारलं.

"हात बरे आसत."

"मगे?"

"दादा, हो खाप्री न्हय." तिने पान माझ्याकडे फिरवलं. "हो उन्हात तापलेलो सायब."

मी चिडलो. म्हटलं, रंग बघ, पाच छटा आहेत. ती म्हणाली, रंगावर हात ठेव आणि नुसती रेघ बघ. मी ठेवला. सुरीसारखं नाक. चिऱ्याची हनुवटी. पातळ ओठ. डोळे मी काळे केले होते, पण त्यांची बघण्याची तऱ्हा निळी होती. माझा उल्कावीर तपकिरी रंग लावून समोर उभा होता, आठवीत मेलेला, एका पानावर नव्हे, सगळ्या पानांवर. मी दुसरा माणूस कधी काढलाच नव्हता. रंग बदलला की माणूस बदलतो, असं समजून मी बिऱ्हाड तेच ठेवून फक्त भिंत रंगवली होती.

"मगे खाप्रीचा नाक कसा असता, ता तूच सांग," मी म्हटलं.

"माका काय म्हायत? मी खंय बघलंय तेका? माझा नाक काढ."

मी पेन्सिल घेतली. इतक्या वर्षांत मी शैलाचं तोंड काढलेलं नव्हतं. समोर बसवली, बघितलं. रुंद, बसकं, शेंड्याशी जरा उचललेलं, मामासारखं. मामाचं नाक. डोळ्यांना दिसत होतं, पण हात ऐकेना. तो दर वेळी वर चढायचा आणि टोक काढायचा. खोडलं, काढलं, खोडलं. शैला वाकून बघत म्हणाली, "ह्या कोणाचा? बाजारातसून आणलंस?"

संध्याकाळपर्यंत तेच चाललं. शेवटी तिने चहा पुढे ठेवला आणि सांगून टाकलं, "ऱ्हवांदे. खाप्री मीच काढतंय. वाकडो तर वाकडो."

म्हणजे पुस्तक गेलं. मी पानं आवरायला लागलो. बोलायला गेलो तर आवाज आठवीतला निघेल अशी भीती होती. तेव्हा तिने मला गोष्टीचा एक कागद दिला. नव्या गोष्टीत एक नवं पात्र होतं. खाप्री ज्या घरात वाढतो त्या घरचा थोरला मुलगा. नाव गोरोदादा. ह्याला वाटतं की खरा नायक आपणच. खाप्री वाट दाखवायला निघाला की हा आधी पळत जाऊन चुकीची वाट दाखवतो. खाप्री काजू सोलतो म्हणून हाही सोलायला जातो आणि दोन्ही हात फडक्यात बांधून घरी येतो.

"ह्यो कोण?" मी विचारलं.

"वळाखलंस मां? मगे इचारतंस कित्या?"

"ह्या माझ्यावर आसा."

"तुझ्यावर नाय तर कोणावर? तेका तूच काढ. ता माका जमाचा नाय. माका हसाक येता."

येताना गाडीत मी ठरवलं, काढायचं नाही. घरी आलो आणि आरसा टेबलावर ठेवला. हनुवटी आधी आली तशी खोडली. आरशातल्या माणसाला हनुवटी अशी नव्हतीच, होता एक मऊ उतार आणि त्याच्याखाली दुसरा. नाक बघितलं. शेंड्याशी उचललेलं, बसकं. मामाचंच. शैलाच्या पडवीत जे दिवसभर हाताला सापडत नव्हतं, ते माझ्या तोंडावर होतं. रंगाला आलो. नाव गोरोदादा, म्हणून नेहमीचं मिश्रण केलं, पांढरा भरपूर, थोडा लाल. कागदावर कुणी परदेशी पर्यटक उतरला. तपकिरी घातला. आणखी घातला. बायको मागे उभी राहून बघत होती.

"आजून वायच घाला," ती म्हणाली.

"गो, मी गोरो आसय."

"कोणी सांगितला?"

"सगळे म्हणायचे."

"ते शैलाच्या बाजूक बसवून म्हणत असतीत," ती म्हणाली. "आजून वायच."

चित्रं गेली. प्रकाशकांनी या वेळी सफाईदार म्हटलं नाही, ते फोनवर हसले. मुखपृष्ठाचा नमुना आला आहे. त्यावर शैलाचं नाव वर आहे, माझं खाली. अक्षरं एकाच मापाची आहेत, मी पट्टी लावून बघितली आहेत. बायकोसमोर नाही.

काल शैलाचा फोन आला. छापण्याआधी तिने गोष्टी शेजारपाजारच्या पोरांना वाचून दाखवल्या होत्या. सुट्टीचे दिवस, पडवी भरून पोरं जमलेली. मी विचारलं, काय म्हणाली पोरं? ती आधी पावसाचं बोलली. मग सुकवलेल्या बियांचं बोलली. मग म्हणाली, "बरी म्हणाली."

"म्हणजे?"

"म्हणजे काय, पोरां ती. तेंका गोरोदादा होयो. तेचीच पाना परत परत काढतत. एक जण म्हणता, पुढच्या पुस्तकात नुसतो गोरोदादाच घाल."

 फोनमध्ये एक बारीक श्वास ऐकू आला, नाकातून सोडलेला, आणि तो मी ओळखला. त्यात काय आहे ते मला कुणी सांगायला नको. ते माझ्याच घरचं आहे, मीच वाढवलेलं.

"अगो शैला," मी म्हटलं, "पोरांचा काय मनार घेतंस? खाप्री तो खाप्री."

इतक्या मोठ्या मनाने बोलायची संधी मला जन्मात मिळाली नव्हती. म्हणून ते वाक्य मी तिला पुन्हा एकदा, जरा सावकाश, ऐकवलं.